दोन पाडवे हुकले : एका घरच्या फडाचं प्रकरण

माझ्या छापखान्याच्या माळ्यावर एका तमाशा फडाची चौदाशे पोस्टरं दोन वर्षं पडून होती. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात छापलेली. गुलाबी जमिनीवर पिवळ्या अक्षरांत फडाचं नाव, त्याखाली कलावंतांची नावं, आणि तळाला चार बोटांचा कोरा पट्टा सोडलेला, गाव नि तारीख हातानं लिहायला. तो पट्टा दोन वर्षं कोराच राहिला. त्या पोस्टरांचे पैसे आजही माझ्या वहीत येणे दिसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो : या प्रकरणात मी तिऱ्हाईत नाही, धनको आहे. शिवाय मधल्या काळात मी एक शहाणपणाचा सल्ला दिला होता आणि तो अंगलट आला. तोही लिहिणार आहे.

फड कुणाचा ते लिहीत नाही. घरच्यांनी मला उचलीची, म्हणजे कलावंतांना आगाऊ दिलेल्या पैशांची, वही उघडून दाखवली ती विश्वासानं, चव्हाट्यावर मांडायला नव्हे. मालकीणबाईंना सगळा फड अक्का म्हणतो, मीही तेच म्हणेन. त्यांचे दोन मुलगे, एक मुलगी, जावई, दोन सुना, नातवंडं, एक विधवा बहीण, अशी घरची अकरा माणसं. बाहेरची एक्कावन्न. मोठ्या फडांत शंभरावर माणूस असतो, त्या मानानं हा मधला फड.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते वाचकांनी ऐकलं असेल. गुढीपाडव्याच्या आधी पंधरा दिवस इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, येतात. प्रत्येक राहुटीवर फडाची पाटी, आत टेबल, डायरी, मॅनेजर. कमिटीवाले चार राहुट्या हिंडतात, चहा सगळीकडे पितात आणि सुपारी एकीकडे देतात. या गावाचं नाव मोठं झालं ते तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांमुळे. घराणंच फडाचं, बाप-चुलत्यांचा भाऊ-बापूंचा फड, आणि पुढं लेकीनातवंडांचे फड. विठाबाईंना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल वर्गणी करून भागवावं लागलं. पुरस्काराची गोष्ट भाषणांत येते, बिलाची गोष्ट राहुटीत. अक्कांच्या तोंडी मी दुसरीच जास्त वेळा ऐकली आहे.

आता धंद्याची रचना. ती कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

फडाचं वर्ष दसऱ्याला उभं राहतं. श्रावण-भाद्रपदात तालमी, दसऱ्याला नारळ, आणि गाड्या बाहेर पडल्या की बुद्धपौर्णिमेनंतरच दारात येतात. या सात-आठ महिन्यांचे दोन भाग. होळीपर्यंत खेळ तिकिटावर. मोकळ्या जागेत कनात, म्हणजे भोवतीचा कापडी आडोसा, ठोकायची, दारावर तिकीट फाडायचं, जमलं ते आपलं, नाही जमलं ते आपलं. यात्रांचा माग धरून फिरायचं : सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा, माळेगावचा खंडोबा, पुसेगावचे सेवागिरी महाराज, पौषात पालीचा खंडोबा. दुसरा भाग पाडव्यापासून, सुपारीचा. गाव ठरलेली रक्कम देणार, लोक फुकट बघणार, कनातीची गरज नाही. पाडवा ते वैशाखी पौर्णिमा म्हणजे पंचेचाळीस तिथ्या, पण सगळ्या सारख्या नसतात. हनुमान जयंती आणि कालाष्टमी, म्हणजे चैत्र वद्य अष्टमी, या दोन रात्री आमच्या भागात गावोगाव यात्रा असते. फड तेवढेच आणि गावं ढीगभर. त्या रात्री भाव कलावंताला नसतो, तिथीला असतो. दुसऱ्या दिवशी तोच फड निम्म्यात मागतात.

तिकिटाची बाजू गेली पंधरा-वीस वर्षं दुखणाईतच आहे. मी तिकिटांची पुस्तकं छापतो, त्यामुळं मला ते दुखणं आधी कळतं. पूर्वी दहाला उभा राहिलेला खेळ कोंबडं आरवेपर्यंत चालायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद झाला. राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी उरकून वग, म्हणजे शेवटचं नाट्य, उभा राहीपर्यंत पोलिसांची शिट्टी वाजायची वेळ होते. अक्कांचा तीन तासांचा वग पन्नास मिनिटांवर आला. मधला अख्खा दरबार कापला आणि राजा थेट तुरुंगात जायला लागला. तिकीट काढून वग बघायला येणारा म्हातारा प्रेक्षक घरी बसला, गाण्यांसाठी येणारं पोरगं आलं, पण त्याच्या मोबाइलमध्ये गाणी फुकट होती. त्यात २०१६ चा नोव्हेंबर, ऐन दिवाळीनंतरचे दिवस, आणि नोटा रद्द. त्या हंगामात पुस्तकं पुन्हा छापायची ऑर्डर आली नाही.

म्हणजे वर्षभराचं पोट त्या पंचेचाळीस तिथ्यांवर. आणि या सगळ्याला जोडणारा दोर उचल.

मृगाचा पाऊस पडला की फडातली माणसं आपापल्या गावी असतात. घराचे पत्रे उडालेले असतात, पोराची फी असते, बहिणीचं लग्न ठरलेलं असतं. मग ती मालकाच्या दारात येतात. बिगाऱ्याची उचल हजारांत, नाचणाऱ्या मुलीची लाखाच्या घरात जाते. उचल घेतली की पुढचा हंगाम त्या फडाला बांधला. पगारातून ती कापत जायची, पण तिकिटाच्या दिवसांत पगारच कसाबसा निघतो. खरी फिटते पाडव्यानंतर. मालक ही रक्कम आणतो कुठून? कनात तारण ठेवून घेणारी बँक मी पाहिलेली नाही. भागातल्याच कुणाकुणाकडून शेकडा तीन-चार टक्क्यांनी येते, आणि ते टक्के महिन्याचे. अक्कांच्या वहीत त्या वर्षी एकूण किती उचल होती तो आकडा घरचा आहे. एवढं सांगतो, त्यात नवा ट्रक आला असता.

आता बघा. मार्चच्या मध्याला फड वर्षातला सगळ्यात खोल बुडालेला असतो. उचल फिटायची बाकी, नऊ महिन्यांचं व्याज चढलेलं, आणि खरी कमाई पंधरा दिवस लांब. करोना नेमका त्या पंधरवड्यात आला.

९ मार्च २०२० ला, होळीच्या दिवशी, पुण्यात पहिले दोन रुग्ण सापडले. फड तेव्हा नगर जिल्ह्यात तिकिटावर होता. आठवड्याभरात यात्रा रद्द झाल्याचे निरोप यायला लागले. थोरल्यानं गाड्या परत फिरवल्या आणि नारायणगावला राहुटी ठोकली. त्याला वाटलं, यात्रा पुढं ढकलतील, देव काही रद्द होत नाही. दोन गावांचा इसार आधीच आला होता. त्यातल्या एका गावचे लोक तो परत मागायला आले आणि थोरल्यानं दिला. आपसांत ज्याला धंदा म्हणतात त्या हिशेबानं हा मूर्खपणा, पण ते गाव आज पंचवीस वर्षं याच फडाला सुपारी देतं. २१ तारखेला बाहेरची माणसं ट्रकमधून आपापल्या गावांकडे रवाना केली. २४ ला रात्री आठला पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि २५ ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, पाडवा होता.

चौदा माणसं मागं राहिली. कुणाचं गाव फार लांब, कुणाला गावच नाही. अक्कांच्या अंगणात तीच तिकिटाची कनात सावलीला ताणली आणि तिच्याखाली चौदा माणसं दोन महिने राहिली. थोरली सून फडाचा भटारखाना बघते, तिकीट खिडकीवरही तीच बसते. मला म्हणाली, "पहिले चार दिवस पिठात हात घातला की साठ माणसांचंच पीठ निघायचं बघा, भावजी. मळून झाल्यावर ध्यानात यायचं." उरलेल्या भाकरी वाळवून तिनं चिवडा केला. गावातल्या काहींनी बाहेरची माणसं ठेवल्याबद्दल कुरकुर केली. सरपंच येऊन गेले. अक्कांनी त्यांना कनातीबाहेर खुर्ची टाकली, लांबून चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या यात्रेला हीच मानसं चालत्यात, मंग आता का न्हाईत?" विषय संपला.

उन्हाळा लागला तसा नारायणगावचा टोमॅटो बाजार धरला. मार्केट चालू होतं, क्रेट उचलायला माणूस कमी. चौदातले नऊ जण हमालीला जायला लागले. फडातला पेंद्या, म्हणजे गौळणीतला विनोदी गडी, क्रेट मोजताना बतावणी लावायचा, व्यापारी हसून पाच रुपये जास्त द्यायचे. वगातला राजा, ज्याला फडात सरदार म्हणतात, त्याचं वय साठच्या वर. तो वजनकाट्याशी बसून आकडे पुकारायचा. असा आवाज त्या बाजाराला ना त्याआधी मिळाला, ना त्यानंतर. मी दोनदा नुसता ऐकायला गेलो.

प्रकरणाचा गाभा इथून पुढं आहे.

त्या वर्षी अधिक आश्विन आला. दसरा महिनाभर लांबून २५ ऑक्टोबरवर गेला, म्हणजे आधीच थांबलेल्या घराला आणखी एक रिकामा महिना. त्या अधिकात अक्कांच्या ओसरीवर बैठक बसली. मला बोलावलं ते धनको म्हणून की हिशेब कळतो म्हणून, मी विचारलं नाही. सावकाराचं व्याज दर महिन्याला चढत होतं. समोर वही उघडी.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं : वसुली. "ज्यांनी उचल घेतली, ते हमाली करतात, ऊस तोडतात, चार पैसे मिळवतात. थोडं थोडं द्यावं." त्यानं गाववार यादी केली होती. धाकट्याला फडच नको होता. तो ढोलकी वाजवतो, हल्ली ऑक्टोपॅडही. त्याचा हिशेब असा : आठ माणसं, एक टेम्पो, लग्नाची आणि वाढदिवसाची ऑर्केस्ट्रा पार्टी. ना कनात, ना बिगारी, ना उचल. हिशेबानं तोच बरोबर होता, हे मला तेव्हाही दिसत होतं.

मुलगी बोलत नव्हती. फडात तीच मुख्य नाचते, वगात नायिका तीच, आणि नव्या मुलींचे नाच बसवतेही तीच. तिच्या एका मुलाचं बारसं यात्रेतल्या राहुटीत झालेलं आहे आणि सहा महिन्यांचा होईपर्यंत तो कपड्यांच्या पेटाऱ्यात झोपायचा, कारण स्टेजमागं तेवढीच जागा तुडवली जात नाही. दोघं भाऊ तासभर भांडून गप्प झाल्यावर तिनं वही स्वतःकडे ओढली, पानं उलटली आणि विचारलं, "यात माझं नाव कुठं आहे?"

कुणाला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "रुक्मीची उचल आहे, शालनची आहे. मी चौदाव्या वर्षापासून नाचते. माझी उचल कुणी लिहिली?"

नावं मी बदलली आहेत, पण वाक्य तेच आहे. एक्कावन्न नावं होती त्या वहीत. घरच्या अकरांपैकी एकही नव्हतं. घरच्यांना पगार नसतो. जेवण, कपडालत्ता, दुखणं-खुपणं, पोरांची फी सगळं फडातून होतं, पण हातात पैसा नाही आणि कागदावर नाव नाही. चांगल्या वर्षी हे कुणाला बोचत नाही. वाईट वर्षी बाहेरचा माणूस निदान देणेकरी असतो, त्याचं मालकाशी काही नातं लिहिलेलं असतं. घरच्या माणसाचं लिहिलेलं काहीच नसतं. घरचे फड टिकतात त्याचं कारण लोक कलेवरचं प्रेम असं सांगतात. असेल. मला वहीत दिसलं ते असं की अकरा माणसांचं बिनपगारी काम हे या धंद्याचं खरं भांडवल आहे, आणि बुडण्याची वेळ आली की पहिला खड्डा त्याच भांडवलाला पडतो. मुलीला चौफुल्याकडच्या लावणीच्या एका कलाकेंद्रातून बोलावणं होतं. केंद्रं तेव्हा बंद होती, पण उघडल्यावर येते का, असा निरोप होता. तिथं रोज संध्याकाळी हिशेब होऊन पैसे हातात पडतात. ती निघणार होती हे त्या दिवशी ओसरीवर सगळ्यांना कळलं, अक्कांना आधीच माहीत असावं.

अक्कांनी त्या दिवशी निर्णय दिला नाही. आठ दिवसांनी दिला. वसुली नाही. सगळी उचल पुढं ओढायची, बिनव्याजी, हंगाम उभा राहील तेव्हा फेडा. सावकाराचं व्याज भागवायला काही विकायचं. आणि वहीत घरच्यांची नावं घालायची, प्रत्येकाचा पगार ठरवायचा, मुलीपासून सुरुवात. थोरला म्हणाला, "घरातल्या घरात पगार?" त्यावर अक्का म्हणाल्या, "घरातल्या घरातच तर बुडतंय समदं."

काय विकायचं हे मात्र मला विचारलं, आणि इथं माझं शहाणपण येतं. मी म्हणालो, कनात विका. दोन वर्षं तरी तिकिटावर खेळ होत नाही. घडी घालून ठेवलेल्या कनातीला उंदीर लागले होते, पावसाळ्यात बुरशी धरत होती, दर महिन्याला तिची किंमत उतरत होती. ट्रक मात्र ठेवा, तो भाड्यानं टोमॅटो ओढेल. हिशेब चोख होता. कनात, खांब, जनरेटर असं सगळं एका मंडपवाल्यानं नेलं. व्याजाचे सात-आठ महिने निघाले.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. राहुटी लावलीच नाही. घरातच ढोलकीची पूजा झाली, धाकट्यानं गण म्हटला. संध्याकाळी मुख्यमंत्री टीव्हीवर आले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून संचारबंदी लागली. मे महिन्यात सरदार गेला. त्याच्या गावाहून फोन आला, तोही तीन दिवसांनी. २५ मे ला संगमनेरात ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर गेल्याची बातमी आली. अक्कांनी त्यांना लहानपणी पुरुषी भूमिकेत पाहिलेलं. अक्का दोन दिवस ओसरीवर आल्या नाहीत.

जूनमध्ये मात्र त्यांनी एक गोष्ट केली जी मी हिशेबनीस म्हणून कधी केली नसती. बोरमाळ आणि पुतळ्या गहाण टाकल्या आणि ज्यांची आधीची उचल थकलेली आहे अशा माणसांना आणखी थोडी उचल दिली. पाच-पाच, सात-सात हजार. परतफेडीची तारीख नाही. मी चिडून म्हणालो, "अक्का, आधीचं आलं नाही, त्यावर आणखी?" त्या म्हणाल्या, "भाऊ, हंगाम नसला तरी मिरुग येतोच की." मला त्यातलं तर्कशास्त्र तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्यांनी पैसे दिले नाहीत, तारीख पाळली. जूनमध्ये माणसानं दारात यावं आणि रिकाम्या हातानं जाऊ नये, हा फडाचा करार आहे. तो एकदा मोडला की माणूस दुसरं दार शोधतो. त्या दोन वर्षांत भागातले काही फड बसले ते बसलेच. त्यांच्याकडे कलावंत नव्हते असं नाही, पुन्हा बोलवायला तोंड उरलं नव्हतं.

३१ मार्च २०२२ ला निर्बंध उठवल्याची घोषणा झाली. पाडवा २ एप्रिलला. मधे एक दिवस. रात्री थोरल्यानं, सरदार सोडून, वहीतल्या पन्नास नावांना फोन लावायला घेतले. सकाळपर्यंत अडतीस जणांनी येतो म्हणून सांगितलं, आणि अडतीसच्या अडतीस आले. एक मुलगी लग्न होऊन गेली होती. बिगाऱ्यांतले सहा टोमॅटो बाजारातच राहिले, रोजच्या रोज मजुरी मिळते म्हणून. त्यांनीही उचल बुडवली नाही, त्यातल्या चौघांनी थोडी थोडी आणून दिली. पेंद्या परत आला. व्यापाऱ्यांना वाईट वाटलं.

सुपाऱ्या पटापट लागल्या. गावांची दोन वर्षांची वर्गणी शिल्लक, लोकांची दोन वर्षांची हौस शिल्लक. पालखी, छबिना, रात्री खेळ, सकाळी देवळापुढं हजेरीचा खेळ, दुपारी कुस्त्या, आणि कुस्त्या सुटायच्या आत फड पुढच्या गावाच्या रस्त्याला. रात्री खेळ संपला की पेटारे भरायचे, भाताचं पातेलं उतरायचं, जेवून गाडीतच कलंडायचं. मी कालाष्टमीला एका गावी गेलो होतो. हलगीवाला शेकोटीशी हलगी तापवत होता, कातडं चढलं की बोटानं टिचकी मारून बघत होता. दोन वर्षं न वाजलेलं कातडं लवकर चढत नाही म्हणाला. ते चढेपर्यंत गण थांबला. पब्लिक ओरडत होतं, अक्का शांत बसल्या होत्या. त्या पंचेचाळीस दिवसांत सावकाराची मुद्दल अर्धी फिटली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली : कनात विकली, काही अडलं नाही.

अडलं ते दसऱ्याला. ५ ऑक्टोबर २०२२ ला नारळ फुटला आणि तिकिटाचा हंगाम सुरू झाला. नवी कनात घ्यायची तर तेवढा पैसा नाही. मंडपवाल्याकडून रात्रीच्या भाड्यानं घेतली. मंडपाचे पडदे लग्नासाठी शिवलेले, उंची कमी, खांब हलके. पहिल्याच यात्रेत लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहून पडद्यावरून खेळ बघत होते. सून तिकीट खिडकीत बसून मोजत होती : आत दोनशे, बाहेर त्याहून जास्त. भाडं गेल्यावर डिझेलपुरतंही उरेना. पौषापर्यंत ओढलं आणि मग गाड्या घरी आणल्या. अडतीस माणसं दोन महिने बसून. उचल पगारातून कापायची तर पगारच नाही. म्हणजे जो दोर अक्कांनी दागिने टाकून शाबूत ठेवला, तो माझ्या सल्ल्यानं पुन्हा ताणला गेला.

माझी चूक कुठं झाली, ते नंतर बसून बघितलं. मी कनातीकडे कापड म्हणून पाहिलं : वजन, वय, उंदीर, उतरती किंमत. पण कनात म्हणजे ऑक्टोबर ते मार्च माणसं कामावर ठेवायची सोय. तिकिटात नफा नसतो, हे मला ठाऊक होतं. नफा नसला तरी पाच महिने फड एकत्र फिरतो, नवी मुलगी तयार होते, वग बसतो, आणि पाडव्याला राहुटीत तयार फड उभा असतो, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. ट्रक विकायला हवा होता. ट्रक कुठंही भाड्यानं मिळतो. तमाशाची कनात मिळत नाही, ती शिवून घ्यावी लागते.

धाकट्याचं ऑर्केस्ट्राचं गणितही नोंदवून ठेवतो, नाहीतर अन्याय होईल. त्यानं २०२१ च्या हिवाळ्यात थोडे कार्यक्रम केले. घरात रोख आली ती तेव्हा त्याच्याच हातून. लग्नाला गेलेली मंडळी त्याला "तमाशावाल्यांचा पोरगा" म्हणूनच बोलवत होती आणि शेवटी लावणीच मागत होती. पाडव्याला तो ढोलकी घेऊन फडात परत आला. पण आता त्याचा पगार वहीत आहे, आणि तो महिन्याच्या महिन्याला मागतो. थोरल्याला ते अजून जड जातं.

मुलगी चौफुल्याला गेली नाही. तिचा पगार लागला एवढ्यानंच ती राहिली असं मी म्हणणार नाही, माणूस इतक्या सरळ कारणानं राहत नाही. पण २०२३ च्या पाडव्याला नवी पोस्टरं टाकली तेव्हा मजकूर घेऊन तीच आली होती. आमच्या धंद्यात पोस्टरवरच्या नावांचा क्रम हे फडाचं खरं राजकारण असतं. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाच्या अक्षराची उंची किती, यावरून कलावंत फड सोडून गेलेले मी पाहिलेत. जुन्या पोस्टरवर तिचं नाव चौथं होतं, बाहेरच्या दोन नर्तिकांच्या खाली, कारण गर्दी त्यांच्या नावावर येते आणि घरच्या माणसाला कसला मान. नव्यावर ती दुसरी, अक्कांच्या खाली. तिनं क्रमाबद्दल काही सांगितलं नाही. फक्त प्रूफ आल्यावर फूटपट्टी मागितली आणि दोन्ही ओळींची उंची मोजली.

राहिली ती चौदाशे जुनी पोस्टरं. ३१ मार्च २०२२ च्या रात्रीच अक्कांचा फोन आला होता : "भाऊ, माळ्यावरचं काढा, सकाळी गाडी येती." नवी छापायला वेळच नव्हता. पोस्टरं उतरवली, धूळ झाडली. सरदाराचं नाव तिसरं होतं, ठळक. मी रात्रीच पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आणि पोरांना चिकटवायला बसवलं. सकाळी अक्का स्वतः आल्या. चाळीसेक पोस्टरांवर पट्टी लागली होती. त्यांनी एक नखानं सोलून काढली.

"राहू द्या त्यांचं नाव."

"अक्का, माणूस नाही. गावानं विचारलं तर?"

"गाव राजा बघतंय. राजा हाय."

नव्या सरदारानं त्यावरून हंगामभर कुरकुर केली आणि पुढच्या वर्षी दुसरा फड धरला. ती पोस्टरं मात्र त्या चैत्रात सगळी लागली. चाळीस पट्टीवाली तेवढी माझ्याकडे उरली. आषाढात सरदाराची बायको छापखान्यात आली. पट्टी नसलेलं एखादं आहे का म्हणाली. मी दोन पोस्टरं पाण्यानं भिजवून पट्ट्या हळूच सोडवल्या, पंख्याखाली वाळवली आणि गुंडाळी करून दिली. तिनं पैसे विचारले. मी फडाच्या खात्यावर लिहितो म्हणालो, आणि लिहिलं.